वाळूवर बोर्ड घेऊन जायचंय? विचारा बिनधास्त

मागच्या अंकात हिवाळ्यातल्या ट्रिपांबद्दल लिहिताना सँडबोर्डिंगचा नुसता उल्लेख केला आणि ठाणे, कळवा, ऐरोली, नेरूळ, खारघर अशा सगळीकडून इतके प्रश्न आले की यावेळचा अख्खा कॉलम त्यालाच दिलाय. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, सँडबोर्डिंग म्हणजे पायाला बोर्ड बांधून, नाहीतर त्यावर बसून किंवा पालथं पडून, वाळवंटातल्या वाळूच्या उंच टेकाडावरून खाली घसरत यायचं. या टेकाडाला सगळे ड्यून म्हणतात म्हणून मीही तेच लिहिते.

प्रश्न: ताई, आम्ही दोघं डिसेंबरमध्ये पहिल्यांदाच दुबईला चाललोय. पॅकेजमध्ये डेझर्ट सफारी आहे आणि त्यात ‘सँडबोर्डिंग इन्क्लुडेड’ असं लिहिलंय. नवऱ्याचं म्हणणं की मग गाइडवाली वेगळी ट्रिप कशाला, डबल पैसे. पण मला खरंच शिकायचंय. काय करू? (घोडबंदर रोड, ठाणे)

खरंच शिकायचं असेल तर वेगळी ट्रिप घ्या, आणि का ते सांगते म्हणजे घरी बोलायला सोपं जाईल. संध्याकाळच्या सफारीचा दिवस साधारण असा जातो, दुपारी तीनच्या सुमारास गाडी हॉटेलवर येते, तासाभराचा प्रवास, मग वाळवंटाच्या तोंडाशी टायरमधली हवा कमी करतात, मग ड्यून बॅशिंग म्हणजे ती गाडी वाळूच्या चढउतारांवरून उडवत नेणं, मग सूर्यास्ताचे फोटो, मग कॅम्प, उंट, मेंदी, बार्बेक्यू, नाच, आणि रात्री परत हॉटेलवर. यात सँडबोर्डिंगला वेळ मिळतो तो फोटोच्या स्टॉपला, ड्रायव्हर डिकीतून एखाददोन जुने बोर्ड काढून देतो, गाडीतले सगळे आळीपाळीने छोट्याशा उतारावर एकदोनदा घसरतात आणि झालं. शिकवणारं कोणी नसतं कारण तो माणूस ड्रायव्हर आहे, त्याचं लक्ष गाडीवर आणि घड्याळावर असणार, त्यात त्याची काही चूक नाही. सफारी म्हणून ती संध्याकाळ छानच असते, पण तिथे बोर्डवर उभं राहायला शिकाल ही अपेक्षा ठेवू नका.

गाइडवाली ट्रिप वेगळी कशी असते तर तिथे पैसे तुम्ही त्या माणसाच्या नजरेचे देता. ड्यूनला दोन बाजू असतात, ज्या बाजूने वारा येतो ती सपाटसर आणि घट्ट, आणि माथ्याच्या पलीकडची आडोशाची बाजू तीव्र उताराची आणि भुसभुशीत. घसरायचं ते या दुसऱ्या बाजूवरून. तिचा उतार साधारण ३२ ते ३४ अंशांचा असतो, त्याहून जास्त झाला की कोरडी वाळू आपोआपच खाली ओघळते. चांगला गाइड तुम्हाला बोर्ड हातात द्यायच्या आधी स्वतः त्या उतारावरून चालत खाली जातो, वाळूत पाय किती जातो बघतो, मध्ये झुडूप, दगड, गाडीच्या चाकाचा खड्डा आहे का बघतो, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे खाली पुरेशी सपाट मोकळी जागा आहे का बघतो, कारण सरावलेलं नसताना बोर्ड थांबवता येत नाही, तो सपाटीवर आपला आपण थांबावा लागतो. दुबईजवळ लहबाबच्या लाल वाळूत आणि हट्टाच्या रस्त्यावरच्या बिग रेड ड्यूनवर, जो साधारण १०० मीटर उंच आहे, तिथे क्वाड बाइक म्हणजे चार चाकांच्या बाइक आणि बगी म्हणजे वाळूत पळणाऱ्या उघड्या गाड्या पण फिरत असतात आणि माथ्यापलीकडून येणाऱ्या गाडीला तुम्ही दिसत नाही. म्हणून गाइड एकाला माथ्यावर उभं ठेवतो का, आणि खालचा माणूस बाजूला झाल्याशिवाय वरच्याला सोडत नाही ना, हे बुकिंगच्या आधी फोनवर सरळ विचारा. तेव्हाच हेही विचारून घ्या की प्रत्यक्ष वाळूवर किती वेळ मिळणार, एका गाइडमागे किती माणसं, हेल्मेट देतात का, बोर्ड नीट घसरावा म्हणून त्याच्या तळाला लावायचं मेण म्हणजे वॅक्स कोण लावतं आणि नुसतं पालथं पाडून ढकलतात की उभं राहायला शिकवतात. तो नीट उत्तरं देत असेल तर दोन पैसे जास्त गेले तरी चालतील. ‘सब मिलेगा मॅडम’ एवढंच म्हणत असेल तर दुसरा बघा.

आणि एक, ट्रिप सकाळची घ्या. ऊन तापायच्या आत होते, वाराही बहुतेक वेळा कमी असतो. नवऱ्याला सफारीची हौस असेल तर ती दुसऱ्या दिवशी संध्याकाळी करा, दोन्ही एकाच दिवशी नको.

प्रश्न: माझं वय ५८, गुडघे कुरकुरतात पण रोज चालते. मुलगा-सून अबू धाबीला आहेत, ते म्हणतात आई तूही चल वाळूत. मला जमेल का की नुसतं खाली बसून बघू? (नेरूळ)

काकू, नुसतं बघायला नका बसू, पण काही गोष्टी आधी करून जा. यात घसरणं अर्ध्या मिनिटाचं असतं आणि त्यासाठी चढणं दहा-पंधरा मिनिटांचं. बर्फावर लिफ्ट असते तशी वाळूवर नसते, बोर्ड काखेत धरून चालत वर जायचं आणि पाऊल पुढे टाकलं की अर्धं मागे येतं, तिथे गुडघ्याआधी दम संपतो. त्यामुळे समोरून सरळ चढायचं नाही, ड्यूनची जी धार असते म्हणजे माथ्याची रेघ, तिच्यावरून किंवा वाऱ्याच्या घट्ट बाजूने तिरकं तिरकं जायचं आणि गाइडच्या पावलांच्या खड्ड्यातच आपलं पाऊल ठेवायचं, खूप फरक पडतो. मुलाला सांगा की ज्या ट्रिपमध्ये गाडी माथ्याच्या जवळपास नेऊन सोडते तीच बुक कर, अशा असतात.

तुम्ही उभं राहायच्या भानगडीत पडू नका, बसून घसरा. पाठ थोडी मागे, दोन्ही हात बाजूला, टाचा वाळूला हलक्या टेकलेल्या, वेग जास्त वाटला की टाचा थोड्या दाबायच्या. टाचा जोरात रुतवल्या तर बोर्ड थांबतो आणि आपण पुढे जातो. बसून घसरण्यात धोका असतो तो माकडहाडाला, खालच्या बाजूला उंचवटा असला तर दणका तिथेच बसतो, म्हणून गाइडला सांगून सगळ्यात गुळगुळीत पट्टा निवडा. हाडं ठिसूळ आहेत असं कधी रिपोर्टमध्ये आलं असेल किंवा मणक्याचा त्रास असेल तर मात्र हाडांच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. ड्यून बॅशिंगला तर अशा वेळी नाहीच म्हणा, त्यात पाठीला आणि मानेला फार हिसके बसतात. शुगर असेल तर अनवाणी अजिबात चालू नका, पायाला चटका बसलेला कळत नाही आणि मग जखम चिघळते.

जायच्या आधी महिनाभर पारसिक हिलचा चढ सावकाश चढा, आणि अलिबागकडे जाणं झालं तर ओल्या नाही, कोरड्या वाळूत चाला. पिंडऱ्यांना जी सवय लागते ती तिथे उपयोगी पडते.

प्रश्न: मी मनालीला स्नोबोर्डिंगचा बेसिक कोर्स केलाय, स्केटबोर्डपण येतो. मग वाळूवर डायरेक्ट उभं राहून येईल ना? मित्राचा स्नोबोर्ड आहे तोच नेऊ का? (ऐरोली, इंजिनीअरिंगचा विद्यार्थी)

बॅलन्सचा फायदा तुला नक्की होईल पण मित्राचा बोर्ड घरीच ठेव. बर्फावर बोर्डखाली पाण्याचा अगदी पातळ थर तयार होतो आणि त्यावर तो सुटतो, वाळूत असं काही नाही, कोरडे कण थेट बोर्डाला घासतात आणि घर्षण कितीतरी जास्त. स्नोबोर्डचा तळ त्यामानाने मऊ असतो, त्यावर वाळू ओरखडे काढते आणि थोड्याच वेळात तो बोर्ड वाळूवरही चालत नाही आणि बर्फावरही. सँडबोर्डचा तळ कडक आणि एकदम गुळगुळीत असतो, आणि त्याला सतत वॅक्स लागतं. गाइड लोक हे काम करताना बघण्यासारखं असतं, बोर्ड मांडीवर उलटा घेतात, आधी हाताने नाहीतर फडक्याने एकूण एक कण झटकतात, मग वॅक्सची वडी पुढच्या टोकाकडून मागे लांब लांब ओढतात, पुढच्या वळणाऱ्या भागावर दोन हात जास्त, आणि मग बोर्ड चालू लागण्याआधी वाळूवर थोडा पुढेमागे घासतात. कॅरमवर पावडर टाकल्यावर सोंगटी सुटते ना, वॅक्स लावलेला आणि न लावलेला बोर्ड यात तेवढा फरक आहे. ते प्रत्येक घसरणीनंतर नाहीतर एकाआड एक तरी लागतं, हे तू स्वतः करायला शिकून घे, गाइड आनंदाने शिकवतात.

आता उभं राहायचं. बर्फावर आपण वजन पुढच्या पायाकडे नेतो, इथे ते मागच्या पायावर ठेवायचं, कारण बोर्डाचं नाक एकदा वाळूत घुसलं की तू सरळ डोक्यावर जाणार. गुडघे वाकवलेले, खांदे सैल, नजर खाली बोर्डाकडे नाही तर जिथे जायचंय तिथे. वळणं मोठी आणि सावकाश घ्यायची, बर्फावर काठ रुतवून झटकन वळतोस तसं इथे केलंस तर वेगच मरतो आणि अर्ध्या उतारावर उभा राहशील. पहिल्या तासात सरळ रेषेत खाली आलास तरी पुष्कळ. पडायला लागलास तर हात पुढे टेकवू नकोस, मनगट जातं, कुल्ल्यावर बाजूला बसून घे, आणि तोंड बंद ठेव, हसत-ओरडत पडलं की पुढची दहा मिनिटं वाळू थुंकण्यात जातात.

वाळू मऊ म्हणून लागत नाही असं समजू नकोस. जोरात आपटल्यावर ती चांगली कडक लागते. नामिबियात २०१० साली हेन्रिक मे याने वाळूवर स्की लावून ताशी ९२ किलोमीटरचा वेग गाठलाय. तुझा वेग त्याच्या आसपासही जाणार नाही पण हेल्मेट घालच.

प्रश्न: दुबईबिबई परवडत नाही. आधी कोकणातल्या बीचवर पुठ्ठा नाहीतर प्लायवूड घेऊन प्रॅक्टिस करू का? (कळवा)

नको. एकतर जमणार नाही, दमट वाळू घसरूच देत नाही आणि पुठ्ठा तर कोरड्या वाळूवरही जागचा हलत नाही. पण जमलं असतं तरी मी नकोच म्हटलं असतं, कारण आपल्या किनाऱ्यावर वाळूचे जे छोटे उंचवटे उरलेत ते मर्यादवेलीने धरून ठेवलेले असतात, ती जांभळ्या फुलांची जमिनीलगत पसरणारी वेल. चार जणांनी तिच्यावरून खालीवर केलं की ती मरते, मग वाळू उडून जाते आणि भरतीचं पाणी आतल्या वाडीपर्यंत यायला मोकळं. सीआरझेडच्या म्हणजे किनाऱ्यालगतच्या बांधकामा-वापराच्या सरकारी नियमांतही हे वाळूचे उंचवटे संवेदनशील भागांत धरलेत. तिथे फक्त फिरा.

परवडणाऱ्यातलं म्हणजे जैसलमेर. वांद्रे टर्मिनसवरून जोधपूरला सूर्यनगरी एक्सप्रेस आहे, बोरिवलीलाही थांबते, आणि जोधपूरहून पुढे जैसलमेर रस्त्याने पाचेक तास. सम हे जैसलमेरपासून ४० किलोमीटरवर, तिथे कॅम्प, जीप, उंट, गाणंबजावणं सगळं एकाच जागी आणि सीझनला तुफान गर्दी, त्यामुळे बोर्डसाठी मोकळा उतार मिळणं अवघड. खुडी थोडं दक्षिणेला आहे, तिथे शांत असतं आणि गावातल्या घरांत राहताही येतं. पण अपेक्षा नीट ठेवून जा, थरच्या या भागातले ड्यून दुबई-नामिबियाच्या मानाने बुटके, घसरण छोटी आणि सँडबोर्डिंग शिकवणारे गाइड कमी, बरेच कॅम्पवाले नुसता बोर्ड हातात देतात. म्हणून बुकिंगच्या आधी बोर्डाच्या तळाचा आणि वॅक्सचा फोटो मागवा, त्यावरून लगेच कळतं की हा माणूस मनापासून करतोय की नाही. नोव्हेंबर ते फेब्रुवारी जा. माघ पौर्णिमेच्या सुमारास मरु महोत्सव असतो, बघायला सुंदर पण त्या दिवसांत बोर्डिंगचं विसरा.

आणि हे मनावर घ्या प्लीज, या भागाला लागूनच डेझर्ट नॅशनल पार्क आहे आणि माळढोक पक्षी जे थोडे उरलेत त्यातले बरेचसे इथेच. आपल्या सोलापूरकडे नान्नजला माळढोकसाठी अभयारण्य केलं, तिथे आज तो दिसणं किती दुर्मिळ झालंय ते आपल्याला माहितीय. जीपवाल्याला ‘अजून आत घे, मोकळा ड्यून बघू’ असा आग्रह करू नका, गाइड नेईल त्याच वाटेने जा.

प्रश्न: मुलगा ९ वर्षांचा आहे, त्याला नेलं तर चालेल का? (खारघर)

चालेल, मुलं खूप पटकन शिकतात. फक्त त्याला बसून आणि पाय पुढे अशाच पद्धतीने सोडा, पालथं पडून डोकं पुढे ठेवून नाही, भले बाकीची मुलं करत असली तरी. उतार छोटा, आणि खाली गाइड किंवा तुमच्यापैकी एकजण उभा. पाण्याची बाटली त्याच्याच पाठीवर द्या, खेळाच्या नादात मुलं पाणी मागत नाहीत.

अजून एक सांगते जे फारसं कोणी सांगत नाही. मुलं घसरून कंटाळली की वाळूत खड्डा नाहीतर बोगदा खणायला बसतात आणि आपण निवांत फोटो काढतो. उतारावर खोल खड्डा खणू द्यायचा नाही, कोरडी वाळू क्षणात आत कोसळते आणि आत वाकलेल्या मुलाला बाहेर काढायला वेळ मिळत नाही. गुडघ्याएवढा खड्डा खूप झाला.

प्रश्न: कपडे काय घालू? लेन्स चालतील का? मोबाइलचं काय? (कोपरखैरणे)

लेन्स नको, चष्मा वापरा आणि त्याला मागून पट्टी लावा, वर गॉगल मिळाला तर उत्तम. पूर्ण बाह्यांचा पातळ टीशर्ट, घोट्याला घट्ट बसणारी पँट, मोजे आणि बंद बूट. फ्लोटर्स किंवा चपला नकोत, भर उन्हात वाळू फार तापते, अमेरिकेतल्या ग्रेट सँड ड्यून्स पार्कमध्ये उन्हाळ्यात वाळूचं तापमान ६५ अंश सेल्सिअसपर्यंत जातं. ओढणी, स्टोल असं लोंबतं काही नको, तोंडाला बफ म्हणजे नळीसारखा घट्ट बसणारा रुमाल लावा. मोबाइल झिपच्या पाऊचमध्ये आणि व्हिडिओ गाइडला काढू द्या, त्यांना कुठे उभं राहायचं ते बरोबर माहीत असतं. चार्जिंगच्या भोकात वाळू गेली तर फुंकर मारू नका, सुक्या मऊ ब्रशने काढा.

प्रश्न: पुढच्या वर्षी मोठी सुट्टी आहे, फक्त सँडबोर्डिंगसाठी लांब कुठे जावं? नामिबिया की पेरू? (पाचपाखाडी, ठाणे)

काय छान प्रश्न आहे! चढायचा कंटाळा असेल तर पेरू. लिमाच्या दक्षिणेला साधारण ३०० किलोमीटरवर इका शहर आहे, त्याच्या अगदी शेजारी वाकाचीना नावाचं छोटंसं तळं आणि त्याच्या चारही बाजूंना उंचच उंच ड्यून. तिथे बगी तुम्हाला वर नेऊन सोडते, खाली आलात की पुन्हा उचलते, त्यामुळे एका फेरीत खूप वेळा घसरायला मिळतं. आणि पाय भक्कम असतील तर त्याच बाजूला नास्काजवळ सेरो ब्लँको आहे, जगातल्या सगळ्यात उंच ड्यूनमधला एक, समुद्रसपाटीपासून २,००० मीटरच्या वर. तिथे पहाटे अंधारात चढायला सुरुवात करतात आणि वर पोचायला काही तास लागतात, सह्याद्रीत रात्रीचे ट्रेक केलेल्यांना ते आवडेल.

नामिबियात स्वाकोपमुंडला जायचं. तिथे वाळवंट थेट अटलांटिकला भिडतं, समुद्राचा प्रवाह थंड म्हणून सकाळी धुकं असतं आणि जॅकेट लागतं, आपल्याला वाळवंटात थंडी वाजेल असं वाटतच नाही. तिथल्या सेशनमध्ये उभं राहून करायचं आणि पालथं पडून करायचं असे वेगळे बोर्ड देतात आणि चढावं मात्र स्वतःच लागतं. शिकायचं असेल तर माझं मत नामिबिया.

प्रश्न: ट्रॅव्हल इन्शुरन्स काढलाय, त्यात हे कव्हर होतं ना? (वाशी)

गृहीत धरू नका. बऱ्याच साध्या पॉलिसींत अ‍ॅडव्हेंचर स्पोर्ट्स वगळलेले असतात नाहीतर जास्तीचा प्रीमियम भरून घ्यावे लागतात. एजंटला फोनवर नको, मेलवर विचारा की ‘गाइडच्या देखरेखीखाली सँडबोर्डिंग करताना दुखापत झाली तर क्लेम मिळेल का’ आणि उत्तरही मेलवरच घ्या. यूएईला जाताना रोजच्या गोळ्या असतील तर प्रिस्क्रिप्शन सोबत ठेवा, कोडीन किंवा ट्रामाडॉल (दुखण्यावरच्या काही गोळ्यांत असतात) असलेली औषधं तिथे आधी परवानगी घेतल्याशिवाय नेता येत नाहीत.

प्रश्न: गेल्या वर्षी आम्ही पोचलो आणि गाइडने वारा आहे म्हणून ट्रिप कॅन्सल केली. आकाश तर स्वच्छ होतं! आम्हाला फसवलं का? (कोलशेत, ठाणे)

चिडचिड होणं साहजिक आहे, एवढा खर्च करून गेलेलो असतो. पण मी त्या गाइडच्या बाजूने आहे. खालून आकाश निळं दिसत असलं तरी माथ्यावर वारा जोरात असतो आणि वाळूचे कण गुडघ्याच्या उंचीवरून वाहत असतात, बसून किंवा पालथं घसरणाऱ्याचा चेहरा नेमका त्याच उंचीवर येतो. डोळ्यांना होतं ते वेगळंच, शिवाय उतारावरचे उंचवटे दिसेनासे होतात आणि खाली माणूस आहे की नाही तेही कळत नाही. त्या दिवशी पैसे कमवायचे सोडून जो गाइड नाही म्हणाला त्याचा नंबर जपून ठेवा. पैसे परत किंवा दुसऱ्या दिवशीची वेळ, यातलं काय मिळणार हे मात्र बुकिंग करतानाच लिहून घ्यायचं असतं. आणि वाळवंटाची ट्रिप परतीच्या फ्लाइटच्या आदल्या दिवशी ठेवू नका, पोचल्यावर पहिल्या-दुसऱ्या दिवशीच ठेवा, म्हणजे वाऱ्याने रद्द झाली तरी पुढचे दिवस हातात राहतात.